पाय वाचविण्याचा इतिहास

पायाला आपल्या भाषेत केवढा मान आहे! वडीलधाऱ्यांच्या आपण पाया पडतो. घरात सून आली आणि त्या वर्षी धान चांगले पिकले, तर तिचा पायगुण चांगला म्हणतो. मुलगा मिळवता झाला की तो स्वतःच्या पायावर उभा राहिला असे कौतुकाने सांगतो. आणि थोरामोठ्यांना घरी बोलवावयाचे झाल्यास पायधूळ झाडण्याची विनंती करतो. एवढा मान दिल्यावर या अवयवाकडे प्रत्यक्ष पाहण्याची मात्र आपणांस फुरसत नसते. दिवसातून चार वेळा आरशात तोंड पाहणारा मनुष्य आपला तळपाय वर्षातून एकदा तरी पाहत असेल की नाही, याची मला शंकाच आहे. काटा मोडला तर तेवढ्यापुरता पाय मांडीवर यावयाचा. काटा निघाला की तळवा पुन्हा जमिनीकडे.

निरोगी माणसाला हे दुर्लक्ष पचते. पायाला इजा झाली तर वेदना त्याला ओरडून जागे करते. मधुमेही माणसाच्या पायात ही ओरडणारी वेदनाच हळूहळू मुकी होते, आणि पुष्कळदा त्याच सुमारास पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून अरुंद होऊ लागतात. मग खडा टोचला तरी कळत नाही, आणि कळल्यावर जखम भरून येण्यास लागणारे रक्त तेथवर पोहोचत नाही. पुढचा क्रम रुग्णालयात काम करणाऱ्यांना पाठ असतो: जखम, पू, काळे पडलेले बोट, शल्यवैद्याची सुरी, आणि शेवटी कापलेला पाय. मधुमेहात रक्तवाहिन्या बिघडल्याने हृदय, मूत्रपिंडे, डोळ्यांतील पडदा यांनाही अपाय होतो. त्यांचा इतिहास स्वतंत्र आहे आणि मोठा आहे. आज मी पायापुरतेच बोलणार आहे. हा इतिहास चाळताना असे वाटू लागते की, पाय जसे रोगाने गेले तसेच चुकीच्या समजुतींनीही गेले. आणि त्या समजुतींपैकी काही तर मोठमोठ्या विद्वानांच्या होत्या.

गोंदियाच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्यास आणखीही कारण आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला, पण येथले जीवन त्याहून कितीतरी जुने आहे, आणि ते सगळे पायांवर चालले आहे. रोवणीच्या दिवसांत बायामाणसे दिवसचे दिवस बांधीतल्या चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभी असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात, आणि त्यांवर तेल-हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरावे लागते. उन्हाळ्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडची माणसे तेंदूपत्ता तोडण्यासाठी जंगलात पायपीट करतात. त्या पानाची विडी होते, आणि त्या विडीचाही आपल्या आजच्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच. शिवाय पूर्व विदर्भाचा हा मुलूख कुष्ठरोगाचा म्हणून दीर्घकाळ ओळखला गेला. पाय बधिर करणारे दोन रोग, पायाचे रक्त आटविणारे एक व्यसन आणि पाय उघडा ठेवावयास लावणारी एक शेती, असा योग क्वचितच जुळून येतो.

मधुमेह आपल्याकडे नवा नाही. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि त्यांत मधुमेहाची गणना केली. जन्मतःच प्रमेह असलेला रोगी कृश असतो आणि अपथ्याने प्रमेह जडलेला स्थूल असतो, हा भेद सुश्रुताने नोंदविला. या रोगात उठणाऱ्या गळवांना त्याने प्रमेहपिडका म्हटले व त्यांचे दहा प्रकार सांगितले. या पिडका शरीराच्या खालच्या भागात का उठतात, याचाही त्याने विचार केला आहे. रसवाहिन्या दुर्बळ झाल्यामुळे दोष वर चढू शकत नाहीत, असे त्याचे उत्तर. एवढ्यावरून सुश्रुताला रुधिराभिसरण ठाऊक होते असे म्हणावयाचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरलेला बरा. रक्ताचे अभिसरण सिद्ध करणारा हार्वेचा ग्रंथ १६२८ चा. पण मधुमेह्याचा खालचा भाग अगोदर बिघडतो आणि त्याचा संबंध वाहिन्यांच्या दुबळेपणाशी आहे, हे निरीक्षण मात्र शल्यविद्येच्या आचार्याला शोभणारे आहे.

युरोपात मधुमेह आणि पाय सडणे यांचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मार्शाल द काल्व्ही या फ्रेंच वैद्याने दाखवून दिला. तरी त्या काळच्या शल्यवैद्याला या रोग्यापुढे काही करता येत नसे. मधुमेह्याला सुरी लावावयाची म्हणजे जखम चिघळणार आणि रोगी शुद्ध हरपून दगावणार, अशी धास्ती. म्हणून शस्त्रक्रिया टाळता येईल तितकी टाळावयाची, आणि अगदी टळेना तेव्हा मांडीतून पाय काढावयाचा. बोटाला जखम आणि कापावयाचा पाय मांडीपासून! आज हे क्रूर वाटते. पण खाली कापलेली जखम भरून येत नाही हा त्यांचा अनुभवच होता.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथील रुग्णालयात चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि मधुमेहाच्या इतिहासाचे दोन भाग पडले. बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड, कॉलिप ही नावे सर्वांस माहीत आहेत. पण या विजयाच्या पाठीमागून काय आले, हे फारसे सांगितले जात नाही. पूर्वी मधुमेही लवकर मरत असे; आता तो जगू लागला, आणि जगू लागला म्हणून त्याच्या रक्तवाहिन्यांना बिघडावयास अवधी मिळाला. बोस्टनचे एलियट जॉस्लिन हे मधुमेहाचे मोठे वैद्य. हजारो रोग्यांची टिपणे त्यांनी स्वतः ठेवली होती. बेशुद्धीने मरणारे रोगी कमी झाले आणि सडलेले पाय घेऊन येणारे वाढले, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९३४ साली त्यांनी पायाच्या गँगरीनवर इशारा देणारा लेख लिहिला. या संकटाचा दोष दैवाकडे न ढकलता तो रोग्याच्या आणि वैद्याच्या हयगयीकडे घ्यावा, असा त्या लेखाचा रोख होता. पाय रोज धुवा, कोरडे करा, पाहा, असे ते रोग्यांना शिकवीत. पुढे पेनिसिलिन आले. त्याच बोस्टनमध्ये मॅकिट्रिक या शल्यवैद्याने १९४९ साली दाखवून दिले की, इन्सुलिन आणि पेनिसिलिन यांच्या आधाराने फक्त पायाचा पुढचा भाग कापूनही जखम भरू शकते. टाच आणि घोटा शाबूत राहतो आणि मनुष्य चालतो. मांडीपासून चवड्यापर्यंत सुरी खाली आली. या दोन-अडीच फुटांच्या अंतरात एखाद्या संसाराची सगळी मिळकत असते, हे ज्याने कापलेल्या पायाचा कुटुंबप्रमुख पाहिला आहे त्याला सांगावयास नको.

आता बधिरतेकडे वळू. मधुमेह्याच्या पायाला पडणारी खोल जखम केवळ रक्त कमी पडल्याने होते, असा समज पुष्कळ दिवस होता. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या लंडनच्या शल्यवैद्याने १८८४ मध्येच सांगितले होते की, बधिर तळव्याला पडणारी जखम दाबाने होते. तिच्या कडेचे घट्ट झालेले कातडे कापून काढा, पायावरचा भार उतरवा, आणि नंतर चांगले पादत्राण द्या. तीन वर्षांनी डेव्हिस प्राइस याने मधुमेह्याच्या अशाच जखमांत मज्जातंतू बिघडल्याचे वर्णन केले. सांगितले ते अचूक होते. पण वैद्यकात अचूक सांगितलेली गोष्ट विसरली जाण्यासही वेळ लागत नाही. ती पुन्हा आठवण्यास साठेक वर्षे लागली, आणि आठवली ती मधुमेह्यांच्या दवाखान्यात नव्हे, तर जेथे सभ्य समाज पाऊल टाकीत नव्हता अशा कुष्ठरोग्यांच्या वस्तीत.

या ठिकाणी विदर्भाचे ऋण मांडल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. सेवाग्रामात परचुरेशास्त्री या कुष्ठरोगी विद्वानाची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हातांनी करीत. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढले. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. वरोड्यास बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून आनंदवन वसविले. या मंडळींनी कुष्ठरोग्याला माणसात आणले. पण हातापायांची बोटे झडतात ती रोगच ती सडवितो म्हणून, ही समजूत सर्वत्र होती.

ही समजूत खोटी ठरविणारा मनुष्य आपल्याच देशात, तमिळ मुलखातील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मला. पॉल ब्रँड हे त्याचे नाव, आईबाप मिशनरी, शल्यविद्या लंडनास शिकून तो १९४६ साली वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. कुष्ठरोग्यांचे हात-पाय त्याने बारकाईने तपासले तेव्हा त्याला असे दिसले की, कातडे आणि मांस इतरांसारखेच आहे, जखम झाली तर तीही इतरांसारखीच भरते. फरक एवढाच की रोग्याला दुखत नाही. दुखत नाही म्हणून तो तापलेले भांडे उचलतो, खिळा रुतलेल्या पायाने कोसभर चालतो, आणि जखमेला विसावा देत नाही. काही रोग्यांची बोटे तर रात्रीतून नाहीशी होत. पहारा ठेवल्यावर उलगडा झाला: उंदीर येऊन कुरतडीत आणि झोपलेल्याला कळत नसे. ब्रँडने रोग्यांना मांजरे दिली! वैद्यकाच्या इतिहासात मांजराचे नाव औषधयोजनेत आलेले मला तरी दुसरीकडे आढळलेले नाही.

यातून जे उपचार निघाले तेही असेच साधे. तळव्याच्या जखमेवर मलमपट्ट्या बदलीत बसण्याऐवजी पायाला नीट बसणारे प्लास्टर घालावयाचे, म्हणजे भार साऱ्या पायावर वाटला जातो आणि जखम आपोआप भरते. भरल्यावर सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल द्यावयाची. खिळे नकोत, कारण खिळा वर आला तर बधिर पायाला कोण सांगणार? १९६६ च्या सुमारास ब्रँड अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेला, आणि तेथे मधुमेह्यांचे बधिर पाय पाहून त्याच्या ध्यानात आले की, रोग वेगळा असला तरी हा पाय तोच आहे. वेलोरचे प्लास्टर आणि वेलोरच्या चपलेमागचा विचार तेथून जगभरच्या मधुमेह्यांच्या दवाखान्यांत पोहोचला. पैसेवाल्यांचा म्हणून गाजलेला रोग, आणि त्याच्या पायाची विद्या कुष्ठरोग्यांनी दिलेली! मांजराची गोष्टही पुढे आली. टांझानियातील अब्बास या वैद्याने मधुमेह्यांच्या पायांना झालेल्या उंदीरचाव्यांच्या नोंदी या शतकात प्रसिद्ध केल्या. ज्या घरात धानाच्या कोठ्या आहेत त्या घरातील उंदरांविषयी गोंदियात काही सांगावयास नको.

आतापर्यंत मज्जातंतूंचे झाले. रक्तवाहिन्यांची कथा एका घोड्यापासून सुरू होते. १८३१ मध्ये बूले या फ्रेंच पशुवैद्याने गाडीचा एक घोडा तपासला. घोडा थोडा धावला की लंगडू लागे, विसावा दिला की पुन्हा नीट धावे. त्याच्या मागच्या पायांची रक्तवाहिनी तुंबलेली निघाली. सत्तावीस वर्षांनी शार्को या थोर वैद्याने तेच लक्षण माणसात ओळखले. बाजारापर्यंत चालताना पोटरी आवळून यावी, पानठेल्यापाशी दोन मिनिटे उभे राहिल्यावर ओसरावी, आणि पुन्हा तितकेच अंतर चालल्यावर पुन्हा आवळावी, असे ज्याचे होते त्याचा पाय रक्त मागत असतो. आपल्याकडे याला वात म्हणून सोडून देतात व तेल चोळीत बसतात.

हे लक्षण साठीच्या मधुमेह्यात दिसावे हे समजण्यासारखे आहे. पण तिशी-पस्तिशीच्या धट्ट्याकट्ट्या माणसातही ते दिसू लागले. १८७९ साली व्हिएन्नात फॉन विनिवार्टर याने असा एक पाय तपासला, आणि १९०८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्गर याने कापलेल्या अकरा पायांच्या तपासणीवरून या रोगाचे सविस्तर वर्णन केले. त्याचेच नाव रोगाला पडले. बर्गरचा रोग तंबाखू ओढणाऱ्यांना होतो; तंबाखू साफ सोडली तर बहुधा थांबतो, चालू ठेवली तर बोटे, मग पाऊल, मग पाय घेऊन जातो. मधुमेहाचा याच्याशी संबंध नाही, पण शल्यवैद्याच्या टेबलावर दोघे एकाच रांगेत येतात. भारतात हा रोग मुख्यतः विडी ओढणाऱ्या गरिबांचा आहे. विडीत तंबाखू सिगारेटीहून थोडी, म्हणून ती निरुपद्रवी, असे आपण ऐकत आलो. पण तेंदूचे पान विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि खोल घ्यावे लागतात, आणि विष कमी जात नाही.

गोंदियात विडीविषयी बोलताना जीभ थोडी सांभाळावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी गुजरातेतून जबलपूर-गोंदियाकडे आलेल्या व्यापाऱ्यांनी हा धंदा वाढविला. रेल्वे होती, जंगलात पान होते आणि शेतीचा हंगाम सरल्यावर रिकामे हात होते. हजारो घरांतील बायांनी सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या व मुलांची पोटे भरली. या धंद्यात पुढे आलेल्या मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि या मागास भागात शाळा-महाविद्यालये आली. विडीने गोंदियाला पुष्कळ दिले. तिने घेतले काय, याचा हिशेब मात्र सट्टेदाराच्या वहीत कधी चढला नाही. दोन्ही पाय गुडघ्यापासून गेल्यावरही उशाखाली विडीचा कट्टा ठेवणारे रोगी शल्यवैद्यांच्या परिचयाचे आहेत. अशा रोग्यांच्या कमरेतील मज्जातंतूंच्या गाठी कापण्याची शस्त्रक्रिया १९२४ साली ब्युनॉस आयर्सच्या दिएझ याने सुरू केली, आणि ती आपल्या रुग्णालयांतून अनेक वर्षे होत आली. तिने कातडी उबदार होते, ठणका कमी होतो, लहानसहान जखमा भरतात. आतली बंद वाहिनी मात्र बंदच राहते.

बंद वाहिनी उघडण्याची विद्या कशी जन्मली, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना लियाँ शहरात सुरा भोसकण्यात आला. पोटातली मोठी शीर तुटली होती, आणि ती शिवता येत नाही म्हणून शल्यवैद्य पाहत राहिले. अलेक्सिस कारेल या तरुण वैद्याला ही असहायता झोंबली. तो लियाँच्याच एका कशिदा काढणाऱ्या बाईकडे बारीक सुई-रेशमाचे काम शिकला, आणि १९०२ साली त्याने रक्तवाहिनीला रक्तवाहिनी शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. तिला १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४८ मध्ये पॅरिसच्या कुनलँ याने रोग्याच्याच पायातील एक शीर काढून, उलटी करून, तुंबलेल्या भागाला बगल देत शिवली; जणू बंद पडलेल्या पाटाशेजारून नवा पाट काढला. मालगुजारी तलावांच्या या मुलखात ही कल्पना समजावून द्यावयास वेळ लागू नये.

मधुमेह्यांचे पाय येथून वाचू लागावयाचे होते; आणि येथेच विद्वानांची समजूत आडवी आली. १९५९ साली गोल्डनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कापलेल्या पायांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून लिहिले की, मधुमेहात पायाच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांत एक खास प्रकारचा अडथळा होतो. मग मोठ्या वाहिनीला बगल देऊन उपयोग काय? पुढचे बारीक पाट बुजलेलेच आहेत! युक्तिवाद बिनतोड वाटला. पाठ्यपुस्तकांत गेला, आणि मधुमेह्याचा पाय काळा पडला की शल्यवैद्य शिरेच्या शिवणीचा विचार सोडून करवत मागवू लागले. नंतर काळजीपूर्वक तपासणी झाली तेव्हा असा खास अडथळा सापडेना. तरी समजूत टिकली. १९८४ मध्ये लोजेर्फो आणि कॉफमन यांनी स्पष्ट शब्दांत मांडले की, मधुमेह्याच्या वाहिन्या मुख्यतः गुडघ्याखाली पोटरीत तुंबतात, पावलातील वाहिनी पुष्कळदा उघडी असते, तेव्हा शिवण पावलापर्यंत न्या. ती नेली, आणि पाय वाचले. मधल्या पंचवीस वर्षांत केवळ या समजुतीपायी जगभर किती पाय कापले गेले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

सुरी न लावता वाहिनी उघडण्याची युक्ती १९६४ च्या जानेवारीत निघाली. अमेरिकेत पोर्टलंड येथे ब्याऐंशी वर्षांच्या एका वृद्धेचे बोट काळे पडले होते. शल्यवैद्य पाय कापा म्हणत होते आणि बाई हट्टाने नाही म्हणत होत्या. चार्ल्स डॉटर याने मांडीच्या वाहिनीतून एकाहून एक जाड नळ्या सरकवून अरुंद जागा रुंदावली. पाय तापला, जखम भरली, आणि त्या बाई पुढे अडीच वर्षांनी वारल्या तोवर स्वतःच्या पायांवर चालल्या. ज्या अँजिओप्लास्टीचे नाव आज घरोघरी हृदयासाठी घेतले जाते, ती हृदयाकडे गेली १९७७ साली, ग्रुंट्झिगच्या फुग्यासह. जन्म तिचा पायात झाला आहे. अचानक गाठ अडकून पाय गार पडतो, त्यावर फोगार्टी याने १९६३ साली फुग्याची बारीक नळी काढली. मासे पकडण्याच्या गळाला खोटी माशी बांधण्याचा त्याला छंद होता. त्याच कसबाने त्याने रबरी हातमोज्याचे बोट कापून नळीच्या टोकाला बांधले. मात्र अशा गार पडलेल्या पायाला मोजके सहा तास मिळतात. त्या तासांचा हिशेब आपल्याकडे पुष्कळ वर्षे रेल्वेच्या वेळापत्रकावर अवलंबून होता, कारण वैद्यकीय महाविद्यालय नागपुरास, लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटरवर. गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०१६ साली.

ज्यांचा पाय गेला त्यांचे जीवन कसे जाते, याकडे वैद्यकाने उशिराच लक्ष दिले. परदेशी बनावटीचा लाकडी पाय बुटात चालतो. तो मांडी घालून पंगतीला बसू देत नाही, शौचास उकिडवे बसू देत नाही, ओल्या बांधीत उतरू देत नाही. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यवैद्य प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा पाय घडविला, तो या तिन्ही गोष्टी करू देतो आणि अनवाणी चालतो. शर्मांना शालेय शिक्षण फारसे नव्हते. चाकावर रबर चढविणाऱ्याच्या दुकानातून त्यांना वाट सापडली, असे सांगतात. पण हा पाय तरुण अपघातग्रस्ताला जसा लाभतो तसा वृद्ध मधुमेह्याला लाभत नाही. गुडघा गेला असेल तर तो चालविण्याचे श्रम त्याच्या हृदयाला झेपत नाहीत. उरलेल्या पायावर भार पडून तोही जखमी होतो. आणि मोठा अंगच्छेद झालेल्या मधुमेह्यांपैकी निम्म्याच्या आसपास पाच वर्षांत दगावतात.

हे सर्व पाहून १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात मायकेल एडमंड्स यांनी वैद्य, शल्यवैद्य, परिचारिका, पायाची निगा राखणारा आणि पादत्राणे करणारा यांना एकाच खोलीत बसविले. यंत्र नवे नव्हते, औषध नवे नव्हते. काही वर्षांत तेथील मोठे अंगच्छेद निम्म्यावर आले. १९८९ मध्ये इटलीत सेंट व्हिन्सेंट येथे जमलेल्या वैद्यांनी हेच लक्ष्य साऱ्या युरोपासाठी ठरविले. आपल्या बाजूस नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी हा विषय हाती घेतला. मधुमेही पायाचा सचित्र ग्रंथ लिहिला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात लहान गावांतील डॉक्टर आणि परिचारिका यांना पायांची निगा शिकविण्याच्या उपक्रमात पुढाकार घेतला.

आता या विद्येचे ग्राहक बदलले आहेत. १९०७ मध्ये इंग्लंडात एक्झिटर येथे ब्रिटिश वैद्यांच्या सभेत उष्ण देशांतील मधुमेहावर चर्चा झाली, तेव्हा तो बंगालच्या वकील-मुनसफांचा, बसून काम करणाऱ्यांचा रोग मानला गेला. २०११ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरांत १०.९ टक्के आणि खेड्यांत ६.५ टक्के प्रौढ मधुमेही आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी आकड्यांत मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष होती. मुनसफाचा पाय बुटात असे. खेड्यातल्या मधुमेह्याचा पाय बांधीत आहे. आणखी एक अडचण आपल्या भागाची खास: येथे सिकलसेल पुष्कळांच्या रक्तात आहे, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी जी तपासणी सर्वत्र प्रमाण मानतात, ती अशा रक्तात फसवा आकडा देऊ शकते. आकडा चांगला आला म्हणून पाय चांगला, असे येथे तरी समजू नये. बधिर पाय दिसला तर तो मधुमेहाचा की कुष्ठरोगाचा, हाही प्रश्न गोंदियाच्या डॉक्टरला पडतो. लंडनच्या डॉक्टरला तो पडत नाही.

बधिरता ओळखावयास नायलॉनचा एक जाडसर केस पुरतो. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा दाब पडतो. रोग्याने डोळे मिटलेले असतात. टोचल्याचे त्याला कळले नाही तर त्या पायाचे संरक्षण गेले असे समजतात. चप्पल पायातून गळून पडावी आणि चार पावले गेल्यावर दुसऱ्याने सांगावे, ही तीच परीक्षा रस्त्यावर झालेली असते. अशा पायाला निखाऱ्याचा किंवा गरम पाण्याचा शेक देऊन भाजून घेतलेले रोगी हिवाळ्यात येतात. चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळव्याचे कातडे सोललेले येतात. कुरूप न्हाव्याच्या वस्तऱ्याने कापून घेतलेले बारा महिने येतात.

त्यांना मऊ रबराची चप्पल देतात, आणि बाजारात, देवळाच्या पायरीपर्यंत, घरातसुद्धा ती पायात ठेवा म्हणून सांगतात. आषाढ लागला की ती चप्पल बांधावर काढून ठेवावी लागते, कारण रोवणीच्या चिखलात ती रुतून बसते आणि पायाबरोबर वर येत नाही. संध्याकाळी विहिरीवर पाय धुऊन, बेचके फडक्याने कोरडे करून, दिव्याजवळ तळवा वर करून पाहावा लागतो. पुष्कळ मधुमेह्यांचे डोळेही तोवर अधू झालेले असतात, आणि गुडघे वळत नाहीत. मग तळव्याखाली आरसा धरतात, किंवा शाळेतून आलेल्या नातवाला हाक मारतात.